पोस्टर दोनशे केबीच्या आत

११ ऑगस्ट, सोमवार
कृषी केंद्रवाल्याने जानेवारीत दिलेली ही डायरी आतापर्यंत कोरीच होती. आज लिहायला घेतली, कारण डोक्यात फार फिरतंय आणि बायको, गिरजाबाई, ऐकून घ्यायला तयार नाही. ती म्हणते, "पिठाची चक्की तरी लाइन गेल्यावर थांबते. तुमचं तं तेवढंबी नाई."

गोष्ट अशी. म्हाताऱ्या कलावंतांना सरकार मानधन देतं. त्याचे अर्ज या महिनाअखेरपर्यंत ऑनलाइन भरायचे आहेत. आमच्या मुलाने, अजयने, चंद्रपुरातून फोन करून सांगितलं. मी म्हटलं, "मी कुठचा कलावंत?" तो म्हणाला, "बाबा, जिंदगी गेली ना तुमची झाडीच्या नाटकात."

गेली खरी. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम, तेवढे महिने गावोगाव फिरलो. पण मी तोंडाला कधी रंग लावला नाही. मी प्रॉम्टर. विंगेत पोत्यावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही ठेवायची आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द द्यायचा. मी प्रेक्षकाला दिसलो तर माझी चूक, आणि ऐकू आलो तर त्याहून मोठी चूक.

मानधनाचं सोडा, अजय आम्हाला उपाशी ठेवत नाही. अर्ज मंजूर झाला की ओळखपत्र मिळतं आणि त्यावर नावाआधी 'कलावंत' असं छापलेलं असतं. ते मला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी वडशाला सत्कार होता. माइकवर म्हणाले, जुन्या कलावंतांनी मंचावर यावं. मी अर्धा उठलो. मग विचार केला, आपल्याला म्हणाले की नाही? आणि परत बसलो. उठताना शेजारच्याने पाहिलं होतं. अजून ते आठवलं की कान गरम होतात.

हे घरात कोणाला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार
आरमोरीच्या बसस्टँडसमोर फरहाचं ऑनलाइन सेंटर आहे. तिचा बाप अयूब आमच्या मोहफूल नाट्य मंडळाचा माइकवाला होता, त्यामुळे ती मला चाचा म्हणते आणि पुढे कितीही रांग असली तरी खुर्ची देते. रांगेतले लोक बघतात, मला अवघडल्यासारखं होतं.

आधार, वयाचा दाखला, रहिवासी दाखला, सगळं झटक्यात चढलं. अडलं ते कलेच्या पुराव्यावर. नटाचा फोटो असतो. माझा फोटो कोण काढणार, मी अंधारात बसलेला. माझा पुरावा म्हणजे पोस्टर. मंडळाच्या प्रत्येक पोस्टरवर अगदी खाली, शेवटच्या ओळीत, 'प्रॉम्टर : रामाजी उंदीरवाडे' असं छापलेलं असायचं. पेटीतून चार पोस्टरं नेली होती. फरहाने ती जमिनीवर पसरून फोटो काढले.

"चाचा, एकेक फोटो सात एमबीचा आला. यांना चारही मिळून एक फाइल पायजे, दोनशे केबीच्या आत."

"मंग? लय फरक आहे का?"

"हत्तीले कोंबडीच्या खुराड्यात बसवाचं हाय समजा."

हत्तींवर आमच्या भागात हल्ली कोणी विनोद करत नाही. पलीकडच्या गावात धान तुडवून गेले. तरी मी हसलो, कारण ती काम करत होती. उद्या ये म्हणाली.

१३ ऑगस्ट, बुधवार
सकाळी एक युक्ती सुचली. पोस्टर पसरून फोटो काढला म्हणून एवढा मोठा झाला असणार. म्हणून चारही पोस्टरांच्या नीट घड्या घातल्या, माझं नाव वर येईल अशा, आणि दोरीने बांधून नेल्या. रस्ताभर मनात म्हणत होतो, फरहाला हे काल कसं सुचलं नाही.

फरहा खूप हसली, मग तोंडावर ओढणी धरून म्हणाली, "चाचा, कागद लहान करून काई होत नाई. फोटोत बारीक बारीक किती दिसते त्याचं वजन असते. कोऱ्या भिंतीचा फोटो हलका. आठवडी बाजाराचा भारी."

आता आमच्या पोस्टरात काय नाही? 'जळत्या उंबऱ्याची लेक' याचंच घ्या. मध्यभागी आमची नायिका रंभाबाई हिचा रडता चेहरा, बाजूला विनोदी नट बिरजूचं पोट, त्यावर त्याचं हसतं तोंड, पेटलेलं घर, रिव्हॉल्व्हर धरलेला इन्स्पेक्टर, दोन नर्तकी आणि एक वाघ. वाघाचा नाटकाशी काही संबंध नव्हता. वडशाच्या प्रेसवाल्याकडे त्याचा ठसा होता म्हणून छापला. आज त्या वाघाचं वजन मला भरावं लागतंय.

घड्यांमुळे पोस्टरं मात्र चिरली. गिरजाबाई भाताच्या खळीने मागून कागद चिकटवत बसली होती.

१४ ऑगस्ट, गुरुवार
फरहाने एका वेबसाइटवर फाइल टाकली. तिथे एक पट्टी हळूहळू भरत जाते आणि फाइल हलकी होऊन बाहेर पडते. पहिल्यांदा दोन एमबी. परत टाकली, सहाशे केबी. परत टाकली, एकशे नव्वद.

"झालं चाचा, बसला हत्ती."

मी पडद्याजवळ गेलो. रंभाबाईचा चेहरा ओळखू येत होता. नाटकाचं नाव स्पष्ट होतं. बिरजूचं पोट तर आणखीच मोठं वाटत होतं. पण खाली जिथे नावं होती तिथे मुंग्यांची रांग चालल्यासारखी दिसत होती. नटांची नावं अंदाजाने वाचता येत होती, कारण मला ती पाठ आहेत. शेवटची ओळ वाचताच आली नाही. म्हणजे आधी मी गेलो.

"हे दिसून नाई राह्यलं, बेटा."

"बारीक अक्षर पैले जाते चाचा. पण ते लोकं मोठं करून पाहतीन ना."

मोठं केलं तर मुंग्याच मोठ्या झाल्या. मागे रांग होती, कोणीतरी म्हणालं, "आजोबा, आमचाबी नंबर लागू द्या." मला घाई सहन होत नाही. टाक म्हटलं. टाकली. परतताना वाटलं, नको होती टाकायला.

१८ ऑगस्ट, सोमवार
अर्ज परत आला. शेरा असा : 'पुराव्यात अर्जदाराचे नाव दिसत नाही.'

मला माहीत होतं. दुपारभर अंगणात फेऱ्या मारल्या. गिरजाबाईने लिंबूपाणी दिलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार
आज काळंपांढरं करून पाहिलं. रंग काढल्यावर फाइल थोडी उतरली, अक्षर थोडं उठलं, पण पिवळ्यावर लाल छापलेलं होतं ते दोन्ही सारखंच करडं झालं. एका पोस्टरात 'रामा' दिसलं, पुढे धूर. फरहा म्हणाली, "एकच पोस्टर टाकू." एकावर 'उंदीर' एवढंच वाचता येत होतं. आडनावातला तेवढाच तुकडा सरकारपुढे जावा हे मला पटलं नाही.

मग तिने एकदम सोपा उपाय सांगितला. "चाचा, क्रॉप करू. बाकी सगळं कापून फेकू, तुमच्या नावाची पट्टी तेवढी ठेवू. वजनच राहणार नाई."

मी नाही म्हटलं. तिने का विचारलं, तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही. इथे सांगून पाहतो.

झाडीच्या नाटकात पोस्टरवरून जेवढी भांडणं झाली तेवढी सोयरिकीतही होत नसतील. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाचं अक्षर बोटभर, कोणाचं वीतभर. सिंदेवाहीजवळच्या एका गावात आमच्या ढोलकीवाल्याचं नाव छापायचं राहिलं. गडी येऊन बसला, मांडीवर ढोलकी घेतली, वाजवेचना. पब्लिक शिट्ट्या मारतंय. शेवटी गेटवरच्या पोस्टरावर चुन्याने त्याचं नाव लिहिलं, त्याने जाऊन पाहिलं, मग थाप पडली. तेव्हापासून प्रेसमध्ये जाऊन पोस्टर तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सातवी पास आणि अक्षरांत बसणारा. रंभापासून चहावाल्यापर्यंत एकाचंही नाव माझ्या हातून सुटलं नाही. आता मी म्हातारपणी सगळ्यांना कापून एकट्याचं नाव ठेवू? मेलेल्यांना तर बोलताही येणार नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
घरात भांडण झालं. म्हणजे मी बोललो आणि गिरजाबाई तांदूळ निवडत राहिली.

"बिरजू मेला त्याले किती वर्षं झाले," ती म्हणाली. "त्याले कोण सांगाले जाते, तुमी त्याचं पोट कापलं म्हणून?"

"बिरजू मेला. रंभाबाई तं जिवंत आहे. पोस्टरात अर्धी तेच आहे. तिले न इचारता कसा कापू?"

"मंग इचारा."

"कसा इचारू?"

ती तांदळाचं सूप घेऊन आत गेली. आमच्या घरात रंभाबाईचं नाव निघत नाही, आज माझ्या तोंडून निघून गेलं. लग्नानंतरच्या दिवसांत मी होळीपर्यंत बाहेर, आणि इकडे कोणीतरी गिरजाबाईचे कान भरले की रामाजी विंगेतून रंभाच्या तोंडाकडेच पाहत असतो. आता प्रॉम्टर तोंडाकडे पाहणार नाही तर कुठे पाहणार? नटाचा श्वास कुठे अडतो ते तोंडावरच दिसतं. हे मी तेव्हाही समजावून सांगितलं होतं. नंतर पुष्कळ वेळाही सांगितलं. ऐकून तिचं तोंड आणखी बंद व्हायचं. वाद नको म्हणून मी नाटक सुटल्यावर रंभाबाईकडे गेलो नाही. ती तिकडे ब्रह्मपुरीला असते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पोळा. सेंटर बंद. पुरणपोळी गळ्याखाली उतरली नाही. एक खाल्ली, मग आणखी दोन.

२३ ऑगस्ट, शनिवार
तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैल घेऊन दारोदार. सेंटर आजही बंद. सुट्ट्या याच महिन्यात का येतात कळत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
गिरजाबाई सकाळच्या एसटीने ब्रह्मपुरीला गेली. बहिणीला भेटून येते म्हणाली. मी म्हटलं, इथे माझा जीव टांगणीला आणि तुला बहीण सुचते. तिने नवं लुगडं नेसलं होतं. बहिणीकडे जायला नवं लुगडं कशाला?

रस्त्यावर हल्ली वाघ दिसतो म्हणून अंधार पडायच्या आत परत ये एवढंच म्हटलं. चारलाच आली. हात रिकामे. ब्रह्मपुरीला जाऊन चिवड्याची पुडीसुद्धा आणली नाही. नुसतं जायचं आणि यायचं.

संध्याकाळी तिच्या बहिणीचा फोन आला. मीच उचलला. "ताई कशी आहे, लय दिवस झाले भेट नाई," म्हणाली. दिवसभर सोबत बसून असं बोलते. मी हो हो म्हटलं. तिचंही वय झालं. गिरजाबाईला मुद्दाम सांगितलं नाही, वाईट वाटून घेईल.

२६ ऑगस्ट, मंगळवार
आज जे झालं ते लिहितानाही खरं वाटत नाही. अकराच्या एसटीतून रंभाबाई उतरली आणि विचारत विचारत आमच्या दारात आली. केस पूर्ण पांढरे, हातात काठी, पण "कोणी आहे का घरी?" हे असं म्हणाली की शेजारचे चार दरवाजे उघडले.

मी गडबडलो. जयभीम म्हणायचंही विसरलो. गिरजाबाईकडे बघायची हिंमत होत नव्हती. तिने मात्र शांतपणे पाट मांडला, पाणी दिलं आणि चहा ठेवला.

"रामाजीभाऊ," रंभाबाई बसल्या बसल्या म्हणाली, "तुमी मले कापाले भिऊन राह्यले म्हणे?"

"कोण म्हणाले?"

"कोणीबी म्हणो. आण ते पोस्टर."

मी 'जळत्या उंबऱ्याची लेक' पसरलं. ती काठी टेकून बराच वेळ पाहत राहिली.

"चांगली होतो ना वो मी, गिरजाबाई?"

"होत्या ना," गिरजाबाई म्हणाली. "म्हणून तं."

त्या दोघी का हसल्या मला समजलं नाही.

मग रंभाबाईने काठीचं टोक पोस्टरावर ठेवून, शेताच्या हद्दीला धुरा आखावा तशी एक रेघ ओढली, शेवटच्या ओळीच्या जरा वरून. "याच्या वरतं सगळं काप. पैले मले काप."

"रंभाबाई, या अक्षरासाठी तुमी मंडळ सोडाले निंगल्या होत्या. वीतभर पायजे म्हणून."

"तवा तिकीट माझ्या नावावर फाटत होते. आता तुमचा अर्ज फाटून राह्यला. काप म्हणते तं काप."

"आन बिरजू?"

"बिरजूची परवानगी मी देते."

"तुमी कशी देसान?"

"मरतानी त्यानं मले सांगतलं, रंभे, माझ्या नावाचं जे करा लागन ते कर."

"खरंच सांगतलं?"

"तुमी होते तिथी? नाई ना. मंग सांगतलं."

गिरजाबाईने चहा आणला. एक गोष्ट मला फार खटकली. माझ्या चहात साखर होती, रंभाबाईच्या चहात बिलकूल नव्हती. मला कसं कळलं, तर कप चुकून माझ्या हातात आला आणि मी एक घोट घेतला. इतक्या वर्षांनी दारात आलेल्या बाईला बिनसाखरेचा चहा. जुना राग असा काढायचा असतो का? मी लाजेने खाली पाहत राहिलो. रंभाबाईचा मोठेपणा असा की काहीही न बोलता पिऊन टाकला आणि वर "बराबर झाला" म्हणाली.

दुपारच्या एसटीला बसवून दिलं. गिरजाबाईने तिच्या पिशवीत मुरमुऱ्यांचा डबा घातला. रंभाबाईला माझी अडचण कळली कशी, याचा दिवसभर विचार केला. बहुतेक फरहाने फोन केला असेल.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपतीचा दिवस, पण फरहाने सकाळी तासभर सेंटर उघडलं. तिला विचारलं, रंभाबाईला तू कळवलं का? ती म्हणाली, "कोण रंभाबाई?" कामाच्या गर्दीत तिला आठवत नसेल.

चारही पोस्टरं कापली. कात्रीने नाही, पडद्यावर. एक चौकट असते, ती ओढत खाली आणायची. फरहाने माऊस माझ्या हातात दिला. चौकट पेटलेल्या घरावरून गेली, वाघावरून गेली, बिरजूच्या पोटावरून गेली. रंभाबाईच्या डोळ्यांवर आली तेव्हा मी थांबलो. मग तिचीच आज्ञा म्हणून ओढली. उरली एक पट्टी.

फरहाने ती पट्टी पूर्ण पडद्यावर पसरवली. प्रॉम्टर : रामाजी उंदीरवाडे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझं नाव एवढं मोठं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. 'वा'च्या कान्याला शाई फुटलेली होती तीसुद्धा दिसली. मी मागे वळून पाहिलं, कोणी बघत तर नाही ना. रांगेतला एक जण बघत होता. त्याने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"चाचा, चारही पट्ट्या मिळून एकशे दहा केबी."

"दोनशेपर्यंत चालते ना? मंग थोडं रंभाबाईचं नाव बसते का पाय."

"आता गप बसा," फरहा म्हणाली आणि बटण दाबलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार
फोनवर निरोप. अर्ज मंजूर नाही, नामंजूरही नाही. 'पुराव्यावरून नाटकाचे नाव व वर्ष समजत नाही. मूळ जाहिराती व एका सहकलावंतासह समितीसमोर हजर राहावे. ९ सप्टेंबर, गडचिरोली.'

समजणार कसं? वर्ष वाघाच्या पायाशी होतं. तो पायच कापला. मी अजयला म्हटलं होतं, या भानगडीत पडू नको. तो म्हणतो, बाबा, तुम्ही असं काही म्हटलंच नव्हतं.

सहकलावंत म्हणून कोणाला नेणार? मी तोंड उघडायच्या आत गिरजाबाई म्हणाली, "रंभाबाईले फोन लावते." तिच्याकडे नंबर होता.

९ सप्टेंबर, मंगळवार
गडचिरोलीहून आत्ताच आलो. सगळं बिघडलं, आणि माझ्याच हाताने. हाताने नाही, तोंडाने.

आम्ही तिघं गेलो होतो. खोलीत लांब टेबल, मधे एक मॅडम, एका बाजूला चष्मा कपाळावर चढवलेले एक साहेब, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा माणूस. मॅडमनी पोस्टरं पाहिली, नाटकाची नावं आणि वर्षं लिहून घेतली. खळीने चिकटवलेल्या घड्यांवरून हात फिरवला. इथपर्यंत ठीक होतं.

मग चष्मेवाले साहेब म्हणाले, "नाव आहे, मान्य. पण प्रॉम्टर म्हणजे वही वाचून दाखवणारा. वाचता येणारा कोणीही ते करील. यात कला काय आहे?"

खरं म्हणजे मलाही घरी हाच प्रश्न पडतो. मी म्हटलं, "बराबर आहे साहेब." गिरजाबाईने मागून माझा सदरा ओढला.

रंभाबाई उभी राहिली. "सायेब, कला सांगून समजत नाई. एक प्रवेश करून दाखवते. परवानगी द्या." परवानगी द्यायच्या आत तिने काठी माझ्या हातात दिली आणि टेबलासमोर जाऊन उभी राहिली. मी आणि गिरजाबाई मागे भिंतीशी.

'जळत्या उंबऱ्याची लेक'चा शेवटचा प्रवेश. सासू दार लावते, सून पोरगी कडेवर घेऊन बाहेर. बघता बघता त्या खोलीत घर पेटलं. लिहिणाऱ्याचा पेन थांबला. बाहेरचा शिपाई दारात आला.

"ज्या उंबऱ्यावरचं माप ओलांडून मी आत आले," रंभाबाई म्हणाली, "त्याच उंबऱ्यावर..."

आणि थांबली.

ही बाई कधी एक ओळ विसरली नाही. बाकीचे नट रोज नवं नाटक करायचे, त्यांना माझ्याशिवाय पाऊल टाकता यायचं नाही. हिच्या वाट्याची पानं माझ्या वहीत कोरी करकरीत राहिली, बोटाचा डाग नाही. हा प्रवेश तर ती झोपेतही म्हणू शकली असती. आणि आज थांबली. श्वास घेतला, ओठ मिटले, डोळे समोरच. मी पाहिलं, वाट पाहिली. नट मुद्दाम थांबतो तेव्हा मधे बोलायचं नसतं, आणि अडतो तेव्हा उशीर करायचा नसतो. त्यातला फरक खांद्यावर दिसतो. तिचा उजवा खांदा एक बोटभर खाली आला. मी म्हटलं, "आज माझी."

"...आज माझी राख सांडली तरी चालेल, पण माझ्या लेकीला या घराची धूळ लागू देणार नाही." आणि कोसळली. टेबलावरचा पाण्याचा ग्लास हलला.

कोणी टाळी वाजवली नाही. सरकारी खोलीत वाजवत नसतील. रंभाबाईने उठायला हात पुढे केला, मी काठी दिली.

"मध्ये थांबलात," मॅडम तिला म्हणाल्या. "विसरलात का?"

"हव. मंग यायनं सांगतलं."

"यांनी? कधी?"

विचारल्याशिवाय अधिकाऱ्यांसमोर बोललो होतो. "चूक झाली मॅडम," मी म्हटलं. "तोंडातून निंगून गेलं. जुनी सवय आहे."

मॅडमनी चष्मेवाल्या साहेबांकडे पाहिलं. "तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही बुवा."

मग दारातल्या शिपायाला विचारलं. तो अगदी माझ्या बाजूला उभा होता. त्याने नाही म्हणून मान हलवली. लिहिणाऱ्याला विचारलं. त्यानेही नाही म्हटलं. म्हणजे चौकशीच लावली. एका माणसाने तरी ऐकलं असतं तर मी काय वाईट बोललो नाही हे सिद्ध झालं असतं. साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बसा. तुम्ही उभे का?" मग मॅडमनी काहीतरी एक ओळ लिहिली आणि फाइल बंद केली.

फाइल बंद. मला समजायचं ते समजलं.

परतीच्या एसटीत रंभाबाई आणि गिरजाबाई एका सीटवर बसून आरमोरीपर्यंत कुजबुजत होत्या. मी मागच्या सीटवर. एकदा मी पुढे वाकून म्हटलं, "रंभाबाई, वाईट वाटून घेऊ नका. वयापरत्वे होते असं. मीच मधे नाई बोलाले पायजे होतं." तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. रडत असावी. गिरजाबाईनेही पदर तोंडाला लावला होता.

१० सप्टेंबर, बुधवार
अंग दुखतंय. दिवसभर खाटेवर पडून होतो.

२४ सप्टेंबर, बुधवार
अर्ज मंजूर झाला.

फरहाने सेंटरमधून फोन केला, मग मी तिथे जाऊन स्वतः वाचलं, मग तिला मोठं करून दाखवायला लावलं. 'ज्येष्ठ कलावंत श्री. रामाजी उंदीरवाडे.' ती म्हणाली, "चाचा, मुबारक हो." मी तिथल्या खुर्चीवर बसून राहिलो. रांगेत माझा नंबर नव्हता तरी कोणी उठ म्हटलं नाही.

एवढं सगळं बिघडवूनही मंजूर कसं झालं, याचा घरी येताना विचार केला. माझ्या मते फाइलमुळे. दोनशेची परवानगी असताना आपण एकशे दहातच बसवली. सरकारच्या मशीनवर भार टाकला नाही. अशी गोष्ट मोठ्या लोकांच्या लक्षात येते. अजयला फोनवर हे सांगितलं, तो बराच वेळ काही बोलला नाही. रेंज गेली असेल.

गिरजाबाईने गोड केलं. त्यातलं थोडं रंभाबाईसाठी न्यायचं म्हणाली, बिनसाखरेचं वेगळं काढून. मी म्हटलं, आता तरी राग सोड, गोडच दे. तिने बिनसाखरेचाच डबा भरला.

खरं म्हणजे मला रंभाबाईचीच काळजी लागली आहे. जी बाई कधी शब्द चुकली नाही, ती ऐन समितीपुढे विसरली. हे साधं नाही. असंच सुरू होतं आणि मग माणसाला घरचा रस्ता आठवत नाही. जेवताना मी गिरजाबाईला सांगितलं, "रंभाबाईची याददाश्त जाऊन राह्यली. गडचिरोलीले मोठ्या दवाखान्यात डॉक्टरले दाखवाले पायजे."

"हव," ती म्हणाली. "नेऊ ना. मी जातो तिच्यासंगं. तुमालेबी नेऊ, एकाच चिठ्ठीत दाखवून आणू."

मला कशाला, ते काही तिने सांगितलं नाही.